मांडवकरची भूक

मांडवकर दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता खायची. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये रुजू झाले त्या दिवशी डबा खिडकीत ठेवून बोर्डावर काम शिकायला बसले, आणि दुपारी उघडून बघते तर भाजी तशीच आणि पोळ्या गायब. शेजारच्या खुर्चीवरची हडकुळी बाई कानावरचा हेडफोन न काढता म्हणाली, "मी खाल्ल्या. माझ्यातल्या दोन भाकऱ्या उरल्यात, त्या घे तू." मग तिने स्वतःचा डबा उघडून पाहिला आणि म्हणाली, "नाही गो, त्यापण खाल्ल्या वाटतं." तिला लाज वाटली नाही आणि मलाही का कोण जाणे राग आला नाही. संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर तिने मला बाजारात नेऊन मिसळ खायला घातली आणि स्वतः दोन खाल्ल्या.

वासंती मांडवकर तेव्हा चौतीस-पस्तिशीची असेल. लग्न झालेलं नव्हतं. गाव लांज्याच्या बाजूला आत, शेती म्हणजे कातळाच्या कडेची भाताची चार खाचरं, आणि वडील लवकर गेलेले. मॅट्रिक होऊन तिला नोकरी लागली तशी आई, भाऊ दत्ताराम आणि धाकटी बहीण रंजना अशी सगळी तिच्या पाठोपाठ रत्नागिरीत येऊन राहिली. दत्ताराम बंदरावर बर्फाच्या कारखान्यात चिकटला तोही हिच्याच ओळखीने. आता रंजनाचं एकदा उजवलं की मी सुटले, असं ती म्हणायची. तिच्या स्वतःच्या लग्नाचं कुणी काढलंच तर तिचं उत्तर ठरलेलं होतं: माझी लाईन बरीच वर्षं एंगेज होती, आता लोकांनी फोन ठेवून दिलेत.

ती ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं. रत्नागिरीतून मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करून वाट बघत बसावं लागे, आणि जिल्ह्यातल्या एकेका घरातला एकेक माणूस मुंबईला. कोण गेलं, कुणाला काय झालं, आंब्याची पेटी काय भावाने उठली, पोराला नोकरी लागली की नाही, सगळं आमच्या बोर्डावरून जायचं. समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या, एक टोक इकडे खुपसायचं आणि दुसरं तिकडे. आम्ही एक कॉल लावेपर्यंत मांडवकर तीन लावून मोकळी व्हायची. तिच्या हातांकडे बघत बसावंसं वाटे. सीझनच्या दिवसांत सुपरवायझर तिला उठूच देत नसत. मांडवकर असली की दोन माणसं कमी चालतात, असं ते वरच्या साहेबांना कौतुकाने सांगत, आणि खरोखरच दोन माणसं कमी देत. कुणाची ड्यूटी बदलून हवी असली, कुणाकडे पाहुणे यायचे असले की मांडवकर होतीच. नाहीतरी मला झोप येत नाही, ती म्हणायची. पस्तिशीच्या बाईला झोप का येत नाही हे विचारायला कुणाला सवड नव्हती, सगळ्यांना आपापली सुट्टी हवी होती.

तिची दोन वाक्यं होती. एक, जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. दुसरं, ऐकायचं, पण ठेवायचं नाही. बोलणं चालू आहे की तुटलं ते बघायला आम्हाला लाईनवर कान द्यावा लागे, आणि दिवसभरात नको नको ते कानावर पडे. ती घराघरातलं सगळं जाणून होती आणि कुणाचंही काही कधी बोलली नाही. ट्रंक कॉलची तीन मिनिटं भरली की मध्ये जाऊन विचारायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?" हे तिने कामाबाहेरही चालू केलं होतं. आमच्यात सीनियर होत्या देसाईबाई. त्या जावयाचं कौतुक सांगायला लागल्या की मांडवकर घड्याळाकडे बघून गंभीरपणे विचारायची, "देसाईबाई, तीन मिनिटं झाली, वाढवायची?" आम्ही हसायचो. देसाईबाई हसायच्या नाहीत, आणि त्या विसरायच्याही नाहीत.

एकदा आतल्या कुठल्याशा गावातली एक म्हातारी पोस्टात येऊन बसली होती. मुलाची मुंबईहून बरेच दिवस चिठ्ठी नाही, आणि हातात फक्त चाळीखालच्या दुकानाचा नंबर. दुकानदाराने दोनदा 'तो इथे नाही' म्हणून फोन ठेवला. तिसऱ्यांदा मांडवकरने त्याला असं काही झापलं की तो स्वतः तीन जिने चढून मुलाला घेऊन आला. इकडे म्हातारीला रडू फुटलं. मांडवकर मध्ये शिरून म्हणाली, "आजी, रडायचं ते फोन ठेवून रडा. आता बोला." आणि मिनिटं भरली तरी ती लाईन तिने तोडली नाही, विचारलंही नाही. सुपरवायझरनी हटकलं तेव्हा म्हणाली, माझं लक्ष नव्हतं. तिचं लक्ष नव्हतं असं कधी झालेलं मला तरी माहीत नाही.

खादाडी आणि धांदल हा तिचा स्वभाव आहे अशीच आम्हा सगळ्यांची समजूत. एवढं खाऊन अंगाला काही लागत नाही याची तर चेष्टा चाले. ब्लाउजच्या बाह्या ढिल्या होत गेल्या, गालाची हाडं वर आली. पौषात आम्ही शाली गुंडाळून बसत असू तेव्हा हिला पंखा लागे, आणि घाम पुसायचा पंचा खुर्चीच्या पाठीवर कायमचा टाकलेला असे. मग हात कापायला लागले. बशीतला चहा तोंडापर्यंत जाईना, दोरी भोकाच्या शेजारी टेकायची आणि मग आत जायची. तरीही ती आमच्यापेक्षा वेगातच होती, म्हणून सुपरवायझरनी काही म्हटलं नाही. जिना चढून आली की छाती धरून उभी राहायची आणि म्हणायची, माझ्या आत कुणीतरी सारखी बेल वाजवतंय.

शेवटी ती रत्नागिरीतल्याच एका डॉक्टरकडे गेली. आई बरोबर गेली. ही आई म्हणजे ठेंगणी, करारी बाई, चारचौघांत फारसं न बोलणारी. पण घर तिच्या भुवईवर चालायचं. डॉक्टरने हात पुढे धरायला लावले, बोटांवर कागद ठेवला, तो थरथरला. हा थायरॉईडचा आजार दिसतो, तो म्हणाला. गळ्यात एक ग्रंथी असते, ती शरीराला वेग देते. ती जास्त काम करायला लागली की असं होतं. पण गळा चाचपून बघितला तर गळा साफ, सूज नाही, काही नाही. डॉक्टर बुचकळ्यात पडला. त्याने पाळीचं विचारलं तर आईने परस्पर सांगितलं, येळच्या येळी. पोटाची काही तक्रार आहे का विचारलं तर आई म्हणाली, पोटाचा काय नाय, आणि लेकीचा पदर पुढे ओढून घेतला. मांडवकरने हे मला हसत हसत सांगितलं. पाळी कित्येक महिने आलेली नव्हती आणि पोट पुढे यायला लागलं होतं. मग बोलली का नाहीस, मी विचारलं. "आईने मांडीला चिमटा काढला. रंजूची बोलणी चाललीत ना."

मला आजही त्या चिमट्याचा संताप येतो. आमच्याकडे लग्न न झालेल्या मुलीला खोकला होतो, ताप येतो, पाय मोडतो, पण पोट नसतं. ते परपुरुषाला दाखवायचं नाही, मग तो डॉक्टर का असेना, आणि त्यात पाळी चुकलेली असली तर त्याचा अर्थ जगात एकच. डॉक्टर गळा बघत राहिला आणि आजार पदराखाली वाढत राहिला. त्याने गोळ्या दिल्या आणि मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जाऊन तपासण्या करा म्हणून बजावलं. गोळ्यांनी हातांचा कंप थोडा उतरला. पण आईला वाटलं त्या उष्ण पडतात, तिने त्या बंद केल्या. मुंबईचं म्हणाल तर, रंजूचं लग्न झाल्यावर बघू.

त्यानंतर काही दिवस मांडवकर फार खुशीत होती. आई हल्ली माझं फार करते, ती सांगायची. रोज सकाळी काढा, तिळाचे लाडू, आणि डब्यात रोज पपई. एका दुपारी ती पपई खात असताना देसाईबाई लोणच्याची फोड चोखत अगदी सहज म्हणाल्या, "कच्चीच दिसतेय."

"कच्चीच. आई किसून गूळ घालून देते."

आम्ही सहा बायका होतो आणि सहाही जणी आपापल्या डब्यात बघायला लागलो. कच्ची पपई, तीळ आणि तो काढा पाळी चुकलेल्या बाईला कशासाठी देतात ते आमच्यातल्या कुणालाही समजावून सांगायला नको होतं. मांडवकर बाकी सगळ्यात चपळ, तशी यातही. तिने एकेकीच्या तोंडाकडे बघितलं, स्वतःच्या पोटाकडे बघितलं आणि डब्याला झाकण लावलं. तिने अन्न टाकलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती माझ्याशी बोलली. ती आईला म्हणाली होती, आई, मला हात लावून बघ, कुठलीही शपथ घाल, मी तसली नाही. त्यावर आईने उत्तर दिलं ते एवढंच: "हळू बोल. रंजू ऐकंल."

कचेरीत मग बांध फुटला. भूक म्हणजे डोहाळे, घाम म्हणजे तेच, जिना चढताना धाप लागते तीही त्याचीच. माणूस कोण, यावर तर्क चालले. आंब्याच्या एका व्यापाऱ्याचं नाव घेतलं गेलं, कारण त्याचे कॉल ती चटकन लावून द्यायची. ती सगळ्यांचेच चटकन लावून द्यायची हे कुणाला आठवलं नाही. महिने उलटत होते, तसलं पोट असतं तर एव्हाना बारसं व्हायला हवं होतं, पण हिशेब करायला कुणी बसलं नाही. हिशेब केला असता तर गंमत गेली असती. हळदीकुंकवाला एका घरी हिच्यापुढे ताट आलंच नाही. ती उठली आणि घरी जाऊन म्हणे चार माणसांची आमटी एकटीने प्यायली. हे तिनेच सांगितलं. स्वतःची फजिती सांगताना ती कधी काही कमी करत नसे.

रंजनाला मुलगा बघून ठेवला होता तो परळचा, मूळचा संगमेश्वराकडचा. चांगलं घर. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं. एका सकाळी मांडवकर दुसऱ्या कुणाची तरी ड्यूटी करत ट्रंकवर बसली होती, म्हणजे त्या वेळी ती तिथे असेल हे घरी ठाऊक नव्हतं. पोस्टाच्या बूथवरून मुंबईचा कॉल आला. तिने तो जोडला, कान दिला, आणि तिचा हात तिथेच राहिला. मी शेजारी होते. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, फक्त तिचा चेहरा दिसत होता. बोर्डावर दुसरे दिवे लागत होते आणि ती ते घेत नव्हती. मग तिने घड्याळाकडे बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तीन मिनिटं झाली, वाढवायची?"

बूथमध्ये दत्ताराम होता. मुलाच्या काकांना तो सांगत होता, की थोरली आमच्यात नाही, तिचा आमचा संबंध उरलेला नाही, लग्नात ती तुमच्या नजरेला पडणार नाही. मध्येच हा आवाज आला. त्याने तो ओळखला. ती मला नंतर म्हणाली, मला वाटलं आता तो फोन ठेवील. तर तो म्हणाला, "वाढवा."

तिने वाढवली. जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. पुढे त्याने अंगावरच्या दागिन्यांचं बोलणं केलं, लग्नाची तारीख पक्की केली, सगळं तिने लावलेल्या लाईनवर. नंतर ती आत जाऊन पाणी प्यायली आणि परत येऊन साचलेले कॉल भराभर लावून दिले.

लग्नाआधी तिला रजा काढून मावशीकडे पाठवलं, आत, गावाच्याही पुढे. रंजूचं मोडता कामा नये, असं तीच मला म्हणाली. मी काहीबाही बोलले असेन, तर ती म्हणाली, "अगं, मला सिद्ध करून दाखवायला वेळ आहे, रंजूला नाही." स्वतःजवळ किती वेळ आहे याचा तिला अंदाज नव्हता. मे महिना, उन्हाळा, गोळ्या बंद. मावशीच्या विहिरीवर ती कोसळली. ताप, नाडी मोजता येईना इतकी जोरात, बरळायला लागली. मावशीचा मुलगा गणू मुंबईला नोकरीला, लग्नासाठी म्हणून आलेला. त्याने रत्नागिरीत माणूस पाठवला, की हिला सिव्हिलला घेऊन येतो. आईचा उलट निरोप आला: मांडव पडलाय, पावणे उतरलेत, अक्षता पडेपर्यंत हिकडं आणू नको.

गणू हा सरळ माणूस. त्याने शिव्या दिल्या, लग्नाचे कपडे बॅगेत तसेच ठेवले आणि तिला मुंबईच्या एसटीत घातलं. हातखंब्याच्या फाट्यावरून रत्नागिरीचा रस्ता वळतो, तिथून गाडी सरळ निघून गेली. ती त्या प्रवासात मेली असती तर आमच्या गावात किती सुटकेचे श्वास सुटले असते याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात तिला आधी स्थिर केलं. तिथे कुणी पदर ओढायला नव्हतं, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी पोटावर हात ठेवला. मग तिला काहीतरी प्यायला देऊन फोटो काढला, त्यात थायरॉईड जिथे काम करत असेल तिथे डाग उमटतो म्हणे. गळा कोरा होता. डाग खाली, ओटीपोटात. बायकांच्या अंडाशयात क्वचित अशी गाठ होते, जिच्यात थायरॉईडचंच मांस असतं, आणि ती तिथे बसून स्वतःच्या मर्जीने तो रस रक्तात सोडत राहते. पोटात पाणीही त्यामुळेच साठलेलं. ऑपरेशन करून त्यांनी नारळाएवढी गाठ काढली. हजारोंत एखादीला होतं असं मोठे डॉक्टर म्हणाले, आणि शिकणारी मुलं घोळक्याने येऊन तिला बघून जात. ती म्हणायची, मुंबईत मी नवलाची होते, इथे नुसती लाजेची.

पावसाळा संपता संपता ती परत आली, आणि मी तिला ओळखलं नाही. अंग भरलं होतं, चेहरा शांत होता. ती एका वेळी एक कॉल लावायची. दुपारी दोन पोळ्या खाऊन डबा बंद करायची. शिफ्ट संपली की घरी जायची आणि झोपायची. मला सुरुवातीला चमत्कारिक वाटलं. ज्या मांडवकरवर माझा जीव होता तिच्यातली किती मांडवकर आणि किती ती गाठ, असा प्रश्न पडायचा. पण एक दिवस देसाईबाई पुन्हा जावयावर घसरल्या आणि हिने घड्याळाकडे बघितलं, तेव्हा माझी खात्री पटली की जीभ तरी हिची स्वतःची आहे.

बाकीच्यांना असा काही प्रश्न पडला नाही. सुपरवायझर म्हणाले, आजारपणाने मांडवकर आळसावल्या. ज्यांच्या ड्यूट्या ती करायची त्यांना ती अचानक स्वार्थी वाटायला लागली. आणि पोट सपाट झालेलं सगळ्यांना दिसत होतं. मुंबईला जाऊन मोकळी होऊन आली, हे वाक्य एक्स्चेंजमधून निघून बाजार फिरून परत एक्स्चेंजमध्ये आलं. तिने एकदाच, चहाच्या वेळी, सगळ्यांसमोर स्वच्छ सांगितलं: गाठ कसली, कुठे, कशी काढली. देसाईबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगो, गळ्यातलं पोटात कसं जाईल? सांगायचं ते पटेलसं तरी सांगावं." त्यानंतर ती कुणालाही काही सांगायला गेली नाही. डॉक्टर इतका वेळ गळाच बघत बसला, त्याचंही हेच म्हणणं होतं की गळ्यातलं पोटात कसं जाईल. पण तो निदान गोळ्या तरी देत होता.

घरी तिला कुणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. रंजनाच्या सासरची माणसं अधूनमधून यायची, तेव्हा हिची अडचण व्हायला लागली. तिने आमच्या चाळीत माझ्या शेजारची खोली घेतली. पहिल्या तारखेला दत्ताराम येऊन दारात उभा राहायचा, ती पैसे द्यायची, तो चप्पल न काढता जायचा. आई एकदाही आली नाही. मी चिडायचे, तर ती म्हणायची, ऐकायचं, पण ठेवायचं नाही. ती ठेवत होती. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिल्यावर एवढं कळतं.

वर्षं गेली. एसटीडी आलं, लोक आपापले नंबर आपणच फिरवायला लागले, आमचे अर्धे बोर्ड निघाले. मांडवकरने खेडकडे बदली मागून घेतली होती. तिकडे लोट्याच्या कंपन्या, नवी वस्ती, कुणाला कुणाचं काही ठाऊक नाही, असं तिचं गणित. जायच्या आधीच्या रविवारी मी तिच्या खोलीत भांडी कागदात गुंडाळत बसले होते, तेव्हा दारात आई आणि रंजना येऊन उभ्या राहिल्या. आईच्या हातात पिशवी, पिशवीत आमसुलं आणि पोह्याचे पापड. आई खूप वाकली होती. रंजना तर मोठ्या बहिणीहून मोठी दिसत होती.

मी उठायला लागले तशी मांडवकर म्हणाली, बस. आईने माझ्याकडे बघितलं, मग ठरवलं की बोलायचंच आहे तर हिच्यादेखत का होईना. भिंतीला टेकून बसली आणि खाली बघत बोलली.

"वासे, झाला गेला. मी कधी तोंडातून सबूद काढला नाय. पन रंजूचा बघ. किती नवस झाले, डाक्टर झाले, हिची कूस उजवत नाय. सासरची दुसरी करायची म्हनतात." पिशवी लेकीपुढे सरकवली. "तुझा ता कुटं ठेवलंस तेवढा सांग. आश्रमात आसंल तर आश्रमात. रंजू पदरात घील. घरातला घरात ऱ्हाईल."

मांडवकरला कळायला वेळ लागला. मला तिच्याआधी कळलं, कारण मी बाहेरची. ही बाई एवढी वर्षं लेकीच्या दारात आली नव्हती ती रागाने नव्हे. तिच्या लेखी मुंबईत कुठेतरी एक नातवंड वाढत होतं आणि त्याचं नाव काढायचं नव्हतं. आता गरज पडली म्हणून ती ते मागायला आली होती. रंजना मान वर न करता रडत होती.

"आश्रमात नाही," मांडवकर म्हणाली. आवाज अगदी बोर्डावरचा. "हॉस्पिटलातच आहे. बाटलीत घालून ठेवलंय, पोरांना शिकवायला. माझं नाव सांगा, दाखवतील."

मला वाटलं आता तरी डोक्यात उजेड पडेल. आई तिच्याकडे बघत राहिली. मग ती बसल्या बसल्या पुढे सरकली, अगदी लेकीच्या गुडघ्यापाशी, आणि आवाज खाली नेऊन तिने विचारलं, "म्हंजे मेलेलाच झाला. मुलगा हुता काय गो?"

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते आता आठवत नाही, पण गप्प बसणार नव्हते. मांडवकरने माझ्याकडे न बघता हाताचा पंजा वर केला. तो पंजा तसाच काही वेळ हवेत राहिला. जराही थरथरत नव्हता.

"हो," ती म्हणाली. "मुलगा होता, आई."

त्याबरोबर आईने तिला मिठी मारली. माझे बाय, माझे बाय, करत ती हुंदके द्यायला लागली. लेकीच्या केसांवरून, तोंडावरून, दंडांवरून हात फिरवायला लागली, जणू ती आत्ताच बाळंतपणातून उठली होती. एकटीने कसं सोसलंस, म्हणाली. मला का कळवलं नाहीस, म्हणाली. मांडव पडलेला असताना आपणच काय निरोप पाठवला होता तो तिला आठवत नसावा. रंजनाही येऊन बिलगली. तिघींचा एक गठ्ठा झाला आणि मी कागद आणि कपबशा घेऊन मध्येच बसलेली.

"मी माफ केला गो तुला," आई म्हणत होती. "कवाच केला हुता."

"बरं झालं," मांडवकर म्हणाली, आणि आईच्या पाठीवरून हळूहळू हात फिरवत राहिली.